साडेतीन हजार पौंडांची सेंटॉर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो आणि जाहिरात निवांत बसून पाहिली. १९७४ सालची वेस्टर्ली कंपनीची सेंटॉर ही शिडाची नौका, लांबी २६ फूट, मागणी ३,५०० पौंड. दोन वर्षं यार्डात, म्हणजे नौका ठेवायच्या आणि दुरुस्त करायच्या आवारात, जमिनीवर उभी आहे आणि मालकाचं म्हणणं, थोडं काम केलं की पाण्यात उतरेल. तू विचारलंस, "काका, घेऊन टाकू का?" उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. सेंटॉर जरूर घे, ही मात्र घेऊ नकोस.

तुझी निवड चांगली आहे, हे मनापासून सांगतो. लॉरेंट जाइल्स या नौका आखणाऱ्या नावाजलेल्या कार्यालयाने आखलेली ही नौका १९६९ ते १९८० या काळात दोन हजारांच्या वर बांधली गेली, तीही तुझ्या घराच्या जवळच, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हॅम्पशरमध्ये. त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि तिची दुखणी कुठली, हे सोलंटवरच्या, म्हणजे आयल ऑफ वाइट बेट आणि किनारा यांच्यामधल्या सामुद्रधुनीवरच्या, कुठल्याही यार्डात माहीत असतं. खाली दोन कील, म्हणजे तळाला लावलेली जड पाती, असल्याने ओहोटीला ती चिखलात सरळ उभी राहते. फायबरग्लासचं अंगही जाडजूड आहे. नवशिक्या माणसाला सांभाळून घेणारी नौका आहे ती.

पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं होतं. वही घेऊन बस आणि माझ्याबरोबर आकडे मांड. हे सध्याचे साधारण दर आहेत, थोडं इकडे तिकडे होईल.

इंजिन दोन वर्षांत चालवलेलं नाही. फोटोत दिसतंय ते जुनं व्होल्व्हो पेंटा आहे. या इंजिनांतली बरीचशी थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होतात. इतकी वर्षं खारं पाणी आतून फिरलं की ओतीव लोखंड आतून खाल्लं जातं आणि ते बाहेरून दिसत नाही. कदाचित सुरू होईलही, पण त्याच्या भरवशावर पोर्टस्मथच्या बंदराच्या तोंडाशी, फेरीबोटींच्या वाटेत जाणं मला पटत नाही. नवीन छोटं डिझेल इंजिन बसवून घ्यायचं तर आठ ते दहा हजार पौंड. मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगायचं इंजिन, लावायचा विचार तुझ्या मनात येईल. दोन-अडीच हजारांत काम होतं खरं, पण सोलंटमध्ये वाऱ्याविरुद्ध भरती असली की लाटा आखूड आणि उभ्या होतात, नौकेचं मागचं अंग उचललं जातं आणि पंखा हवेत फिरतो. नेमकी गरज असते तेव्हाच तो दगा देतो.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा कधी बदलल्या, हे जाहिरातीत नाही. ज्याने बदलल्या असतील तो सांगितल्याशिवाय राहत नाही, म्हणून बदललेल्या नाहीत असंच धर. विमा कंपन्या दहा-पंधरा वर्षांपेक्षा जुन्या तारांवर काठीचा विमा द्यायला कुरकुर करतात. क्रेनने काठी उतरवण्यासकट दीड-दोन हजार. नौका तपासून अहवाल देणाऱ्या सर्व्हेअरचे पाचशे-सहाशे. बॅटऱ्या, वायरिंग, गॅसची नळी, रेडिओ, लाइफजॅकेट, सगळं मिळून हजार-दीड हजार. छताचं अस्तर लोंबतंय ते फोटोतच दिसतंय. वेस्टर्लीचं हे जुनंच दुखणं, अस्तरामागचा फोम कुजून त्याची पूड होते. स्वतः केलंस तर चार-पाचशे पौंडांत भागेल, पण तो फोम खरवडून काढायचं काम फार कंटाळवाणं आहे. आणि हे सगळं चालू असताना यार्डाचं जागाभाडं दर महिन्याला दोन-अडीचशे पौंड.

बेरीज कर. कीलला अजून हातही लावलेला नाही.

कीलबद्दल जरा सविस्तर लिहितो. सेंटॉरचे दोन कील खाली जरा फाकलेले असतात. नौका चिखलात बसते तेव्हा तिचं सगळं वजन त्यांच्यावर येतं आणि ते आणखी बाहेर ढकलले जातात. दर ओहोटीला हेच, वर्षानुवर्षं. त्यामुळे कील जिथे अंगाला जोडलेला असतो तिथलं फायबरग्लास हळूहळू थकतं. पुष्कळ मालकांनी आतून आडव्या पट्ट्या घालून तो भाग मजबूत करून घेतलाय. तू बघायला जाशील तेव्हा आतल्या बाकांच्या फळ्या उचल, टॉर्च घे आणि कीलच्या वरच्या खोबणीत केसासारख्या बारीक चिरा आहेत का पाहा. बाहेरून जोडाच्या रेषेवर गंज ओघळलाय का पाहा. यार्डवाले नौका पट्ट्यांवर उचलणार असतील तेव्हा तिथे हजर राहा: वजन उतरल्यावर आणि पुन्हा टेकल्यावर कीलची जागा बदलताना दिसली, तर मागे वळून घरी ये. दुरुस्ती होत नाही असं नाही, पण यार्डाकडून करून घ्यायची तर काही हजारांची गोष्ट आहे.

स्वतः करीन असं तू म्हणशील. तू इंजिनियर आहेस, हात चालतो तुझा, मला ठाऊक आहे. पण फायबरग्लास ज्याने घट्ट होतं त्या रेझिनला ऊब लागते. दहा-बारा अंशांखाली ते नीट घट्ट होत नाही, आणि इथे नोव्हेंबर ते मार्च तेवढं तापमान मिळतं कुठे? म्हणजे फायबरग्लासचं काम मे ते सप्टेंबरमध्येच करावं लागतं, आणि शीड उभारायचे महिनेही तेच. यार्डांमधून ताडपत्रीखाली झाकलेल्या ज्या नौका दिसतात, त्यांच्या मालकांमध्ये आळशी माणसं फार नाहीत. त्यांचे उन्हाळे कामात गेले आणि समुद्र राहून गेला. दुरुस्तीचं कामच ज्याला प्रिय आहे त्याने ते खुशाल करावं, त्यात मोठा आनंद आहे. तुझ्या पत्रात मात्र सगळीकडे आयल ऑफ वाइटला जायचं, रात्री नांगर टाकून राहायचं, पुढे कधीतरी इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला जायचं, असंच आहे. सँडपेपरचा उल्लेख एकदाही नाही.

आता दर वर्षीचा खर्च. मरीनात धक्क्याला बांधायची तर या किनाऱ्यावर आठ मीटरच्या नौकेला वर्षाला पाच-सहा हजार पौंड सहज लागतात, म्हणजे नौकेच्या किमतीपेक्षा जास्त. दोन कीलची नौका घ्यायची ती हे टाळण्यासाठीच. फेअरहॅम, पोर्टचेस्टर, लँगस्टन, एम्सवर्थ या खाड्यांमध्ये ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या जागा काही शे पौंडांत मिळतात. तिथे विमा, तळाचा रंग, धातूचे भाग गंजू नयेत म्हणून लावायचे झिंकचे तुकडे, वर्षातून एकदा उचलणं आणि उतरवणं धरून सगळं दोन हजारांच्या आसपास बसतं. एवढं तुझ्या पगारात झेपेल.

मात्र स्वस्त जागेची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि ती रत्नागिरीच्या मुलीला कुणी समजावून सांगायला नको. पोर्टस्मथला उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी) भरती साधारण दुपारी बारा आणि मध्यरात्री येते, भांगाची (अष्टमीच्या सुमाराची लहान) सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. नौकेला तरंगायला मीटरभर पाणी हवं, म्हणजे भरतीच्या अलीकडे-पलीकडे तीनेक तास. उधाणाच्या शनिवारी नऊला निघून तीनच्या आत परत, नाहीतर रात्रीपर्यंत बाहेर. भांगाच्या शनिवारी उलट, पहाटे निघायचं, दिवसभर शीड उभारायचं आणि संध्याकाळच्या भरतीला परतायचं. मला तेच शनिवार जास्त आवडतात. पण जागा चिखलात फार वर असेल तर भांगाच्या भरतीत नौका तरंगतही नाही. म्हणून जागा घेण्याआधी भांगाच्या दिवशी भरतीच्या वेळी स्वतः जाऊन पाणी बघ, नुसत्या सांगण्यावर जाऊ नकोस.

आणखी एक हिशेब इथल्या पुस्तकांत सापडणार नाही. तू स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे नोकरी देणाऱ्या कंपनीच्या प्रायोजकत्वावर, आहेस. नोकरी गेली तर नवा प्रायोजक शोधायला साधारण साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत चांगल्या स्थितीतली नौका विकता येते, अर्धी उघडून ठेवलेली विकता येत नाही. कुणी फुकटही नेत नाही, कारण फायबरग्लासला भंगाराचा भाव नसतो, उलट ते तोडून फेकायलाच पैसे पडतात. आणि यार्डाचं बिल मात्र तू रत्नागिरीला पोचलीस तरी चढतच राहतं. व्हिसाची फी, वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार, आईबाबांकडची एक फेरी, हे आधी बाजूला काढ. उरेल त्यातलं नौकेचं.

तर मग काय घ्यावं? जिच्यावर दुसऱ्याने आधीच खर्च केलाय अशी सेंटॉर. सात-आठ हजारांत मिळते. नवं इंजिन, पाच वर्षांच्या तारा, कील मजबूत केल्याची पावती, असं सगळं असलेली. नऊ हजारांचं इंजिन घातल्याने जुन्या नौकेची किंमत नऊ हजारांनी वाढत नाही, दोन-तीन हजारांनी वाढते. बाकीचं विकणाऱ्याच्या खिशातून गेलेलं असतं. पैसे कमी पडत असतील तर तुझ्या ऑफिसातल्या त्या दोघांना भागीदार कर. तिघांत वर्षाचा खर्च सातशेवर येतो, आणि खरं सांगायचं तर तिघं मिळूनही सगळे शनिवार-रविवार वापरले जात नाहीत. भागीदारी असेल तर लेखी कर, एक जण बाहेर पडला तर काय, हे आधीच ठरवून.

तुझ्या पत्रात भारतीय नौदलाच्या म्हादेई या शिडाच्या नौकेचं नाव होतं. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, याचा मलाही अभिमान आहे. पण ती गोव्यात दिवाडीला नवी बांधलेली नौका होती आणि पाठीशी नौदल होतं. उत्साह त्यांच्याकडून घे. हिशेब मात्र स्वतःचा कर.

बघायला जाशील तेव्हा चाकू आणि टिश्यू पेपर बरोबर ने. समुद्राचं पाणी आत घेणारे झडपांचे नळ तळाशी असतात. त्यांच्यावरचा रंग चाकूच्या टोकाने जरासा खरवड. धातू पिवळा चमकला तर ठीक. गुलाबीसर आणि ठिसूळ दिसला तर पितळेतलं जस्त निघून गेलंय, तो नळ एक दिवस हातात तुटून येईल. मग टिश्यू पेपर तारांवरून, विशेषतः खालच्या टोकाजवळून, हलकेच फिरव. एखादा तुटलेला धागा असेल तर कागद अडकतो. बोट फिरवू नकोस, कापतं. तळाला फोड दिसले आणि फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला, तर घाबरू नकोस, ते ऑस्मॉसिस, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी मुरून आलेले फोड. त्याच्या नावाने लोक उगाच हाय खातात. या वयाच्या जाड अंगाच्या नौकेला त्याने बहुधा बुडण्याचा धोका नसतो आणि किंमत पाडायला ते उपयोगीच पडतं. जमिनीवर उभ्या नौकेच्या तळात पाणी साचलं असेल तर ते पावसाचं, म्हणजे खिडक्या गळताहेत. तेही चालेल, सील बदलता येतात.

कागदांत बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीखत, हवंच, आणि जमलं तर मागच्या मालकांचीही. स्मॉल शिप्स रजिस्टरवर, म्हणजे इथल्या लहान नौकांच्या सरकारी नोंदवहीत, नोंद आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. यार्डाच्या ऑफिसात जाऊन मालकाची काही थकबाकी आहे का ते विचार, कारण थकबाकी असेल तर यार्ड नौका अडवून धरतं. दहा टक्के अनामत दे, पण करारात सर्व्हेच्या अधीन असं लिहून घेतल्याशिवाय देऊ नकोस. सर्व्हेअर तू नेम, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

एम्सवर्थच्या बाजूला एक १९७७ ची सेंटॉर विकायला लागलीय असं कानावर आलंय, इंजिन बदललेलं. या आठवड्यात चौकशी करून कळवतो. या साडेतीन हजारवाल्याला उद्याच नम्रपणे नकार कळव, ताटकळत ठेवू नकोस. त्यालाही जागाभाडं पडतंय.

तुझा,
काका