काळ्या जमिनीतील तळघर आणि माशांची मोठी टाकी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमचे घर दर्यापूर तालुक्यात, गावाला लागून असलेल्या शेतात आहे. मला मासे पाळण्याची आवड लहानपणापासून आहे. आता ८ फूट लांब, ३ फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी काचेची टाकी करून घ्यायची आहे. उन्हाळ्यात वरच्या खोल्यांत पाणी इतके तापते की मासे टिकत नाहीत, म्हणून घराला लागूनच १२ बाय १५ फुटांचे, ८ फूट खोल तळघर बांधण्याचा विचार आहे. आमच्या विहिरीचे पाणी भर पावसाळ्यातही ३० फूट खाली असते, त्यामुळे तळघरात पाणी येणार नाही आणि आतून वॉटरप्रूफ प्लास्टर केले की पुरे, असे मिस्त्रींचे म्हणणे आहे. हे बरोबर आहे काय? टाकीच्या वजनाने फरशी खचेल काय?
— एक शेतकरी वाचक, जि. अमरावती

उत्तर : वजनाचे आधी सांगतो. आपल्या टाकीत सुमारे १,७०० लिटर पाणी मावेल. काच, रेती, दगड आणि लोखंडी स्टँड धरून एकूण वजन सव्वादोन टनांच्या आसपास जाईल. म्हणजे टाकीखालच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण एक टन भार येतो. राहत्या खोलीचा स्लॅब सामान्यतः चौरस मीटरला २०० किलो चलभार (माणसे आणि सामान यांचा भार) धरून काढलेला असतो, म्हणून अशी टाकी माडीवर ठेवणे धोक्याचे आहे. जमिनीवर टेकलेल्या तळघराच्या आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) फरशीला मात्र हा भार जड नाही.

मिस्त्रींचे म्हणणे मला मान्य नाही. आपल्या तळघराला धोका विहिरीच्या पाण्याचा नसून अंगणात पडणाऱ्या पावसाचा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील भारी काळी जमीन उन्हाळ्यात आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. मृगाचे पहिले पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते, आणि मग माती फुगून भेगा मिटल्या की तीच माती पाण्याला वाट देईनाशी होते. तळघरासाठी आपण खड्डा खोदणार, भिंती उभारल्यावर बाजूची मोकळी जागा खोदलेल्या भुसभुशीत मातीनेच भरणार, आणि त्या भरावात पाणी झपाट्याने मुरणार. परंतु भोवतालची घट्ट काळी माती ते बाहेर जाऊ देणार नाही. अशा रीतीने आपणच चिकणमातीचा एक हौद तयार करतो आणि त्याच्या मधोमध खोली ठेवतो. विहीर ३० फुटांवर असली तरी या हौदातील पाणी सबंध पावसाळाभर भिंतींना टेकून उभे राहू शकते.

हे पाणी काय करते, याचा अंदाज आकड्यांवरून येईल. भोवती ८ फूट पाणी साचले, तर फरशीला खालून चौरस मीटरमागे सुमारे २.४ टन जोर लागतो. आपल्या खोलीच्या आकाराला तो एकूण ४० टनांहून अधिक भरतो. आपली सव्वादोन टनांची टाकी त्यापुढे काहीच नाही. फरशी पातळ आणि भिंतींपासून सुटी असेल, तर ती मधोमध फुगून तडकते. आतून केलेले प्लास्टर याला उत्तर होऊ शकत नाही, कारण पाणी त्याच्या पाठीमागून जोर लावत असते.

म्हणून फरशी आणि चारही भिंती एकसंध आरसीसीच्या हव्यात, आणि त्यांचे डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून, ओल्या काळ्या मातीचा दाब आणि खालून येणारा जोर दोन्ही धरून, लेखी करून घ्यावे. विटांची भिंत येथे चालणार नाही. पाणी धरून ठेवणाऱ्या बांधकामांसाठीच्या आयएस ३३७० या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम-३० या प्रतीचे काँक्रीट घ्यावे. फरशी भिंतींच्या बाहेर फूट-दीड फूट काढली, तर तिच्यावर बसणाऱ्या भरावाचे वजन खोलीला खाली दाबून ठेवण्यास मदत करते.

तळघरे बहुधा गळतात ती फरशी आणि भिंत यांच्या सांध्यात. फरशी ओततानाच तिच्याबरोबर भिंतीचा खालचा सहा इंचांचा भाग ओतून घ्यावा आणि त्याच्या मध्यावर पीव्हीसी वॉटरस्टॉपची (सांध्यातून पाणी अडवणारी) पट्टी अर्धी आत, अर्धी वर अशी उभी ठेवावी. ती बाजूच्या सळईला तारेने ताणून बांधलेली नसेल, तर काँक्रीट पडताच आडवी होते आणि तिचा उपयोग शून्य होतो; ओतताना कोणीतरी तेथे उभे राहून पाहिलेच पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्या सांध्यावर सिमेंटची फिकट साय धरलेली दिसते. ती तारेच्या ब्रशने गिट्टी उघडी पडेपर्यंत खरवडून, धुऊन मगच पुढचे काँक्रीट ओतावे. सळईखाली विटांचे किंवा टाइलचे तुकडे कव्हर म्हणून, म्हणजे सळई तळापासून वर राहावी यासाठी, ठेवण्याची सवय गावोगावी आहे; वीट पाणी शोषते आणि सळईपर्यंत पोहोचवते, म्हणून काँक्रीटचेच कव्हर ब्लॉक वापरावेत.

आपण खारपाणपट्ट्यात राहता, म्हणून पाण्याबद्दल आग्रहाने सांगतो. विहिरीचे खारे पाणी काँक्रीट कालवण्यासाठी किंवा त्यावर मारण्यासाठी वापरू नये. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा आणि सल्फेट ४०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे आयएस ४५६ सांगते. आपल्या पट्ट्यात विहिरींचे पाणी ही मर्यादा ओलांडू शकते. क्लोराइडमुळे आतली सळई गंजून फुगते आणि काँक्रीट आतून फुटते. पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, नाहीतर नळयोजनेचे टँकरने आणावे. एप्रिलच्या उन्हात काँक्रीटवर घातलेला बारदाना दोन आठवडे ओला ठेवण्यास पाणी पुष्कळ लागते, त्याची सोय आधी करावी.

वॉटरप्रूफिंग बाहेरून करावे. फरशीखाली आणि भिंतींच्या बाहेरच्या अंगाला शहाबादी फरशीचे बॉक्स वॉटरप्रूफिंग (खोलीभोवती पेटीसारखे फरश्यांचे आवरण) किंवा डांबरी मेम्ब्रेन, यांपैकी जे काम आपल्या भागातील कारागिराला नीट येते ते निवडावे. त्यासाठी भिंतीबाहेर माणूस वाकून काम करू शकेल इतकी, तीन फुटांची तरी जागा लागते. नंतर ती जागा काळ्या मातीने मुळीच भरू नये. भिंतीलगत गिट्टीचा थर आणि तळाशी जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड) गुंडाळलेला भोकांचा पाइप द्यावा, त्यापुढे मुरूम थराथराने धुमसून भरावा, आणि वरून चार-पाच फूट रुंद, बाहेर उताराचा काँक्रीटचा पट्टा घालावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी भरावात शिरणार नाही. डोंगरउतारावर असा पाइप आपोआप वाहतो. आपल्या सपाट शिवारात त्याला उतार कोठून मिळणार? म्हणून तो सिमेंटच्या कड्यांच्या एका खड्ड्यात सोडून तेथे फ्लोटवर (पाणी चढताच आपोआप) चालणारा पंप बसवावा लागेल.

आपण तळघर घराला लागूनच खोदू म्हणता, ते मात्र करू नये. जुन्या पायापेक्षा खोल खड्डा त्याच्या शेजारी उघडला, तर पायाखालची माती खड्ड्यात सरकते. घराचा पाया आणि तळघराचा तळ यांच्या खोलीमध्ये जितका फरक, चिकणमातीत निदान त्याच्या दुप्पट अंतर सोडावे. खोदकाम होळीनंतर सुरू करून पावसाच्या आत भरावासह संपवावे आणि खड्ड्याच्या बाजू उभ्या न ठेवता उतरत्या काढाव्यात. काळी माती कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते आणि एका वळवाच्या पावसाने माणसांवर ढासळते.

एवढा खर्च झेपणार नसेल, तर काही गाळून काम उरकण्यापेक्षा अर्धे तळघर बांधावे : चार फूट जमिनीखाली, चार-पाच फूट वर. जमिनीखालची खोली निम्मी झाल्याने खालून येणारा जोर निम्मा होतो आणि भिंतीवरचा एकूण दाब चौथ्या हिश्शावर येतो. आपल्या जागी मी हेच केले असते. जमिनीत आठ-दहा फुटांखाली ऋतूंचा चढउतार बराच मंदावतो आणि तापमान वर्षाच्या सरासरीजवळ, २७ अंशांच्या आसपास राहते, हा पूर्ण तळघराचा खरा फायदा आहे. तो अर्ध्या तळघरात कमी मिळेल. परंतु जाड छत, त्यावर पांढरा लेप आणि पश्चिमेला सावली एवढ्याने बरेच साधते.

आता आतली व्यवस्था. टाकी फुटलीच, तर १,७०० लिटर पाणी आपल्या खोलीत साधारण चार इंच उभे राहील. म्हणून फरशीला एका कोपऱ्याकडे उतार आणि तेथे पंपासह छोटा खड्डा हवा, आणि सर्व प्लग निदान चार फूट उंचीवर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) आणि चांगल्या अर्थिंगसह असावेत. टाकीतून येणारी प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर चढावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी खालीच गळून पडते. टाकीवर काचेचे झाकण आणि भिंतीत एक्झॉस्ट फॅन नसेल, तर ओलावा साचून बुरशी येते. प्लायवूड आणि पीओपीचे छत तेथे नकोच.

लाइन गेल्यावर एअर पंप इन्व्हर्टरवर चालावा. पाणी २० अंशांवर असताना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, ३५ अंशांवर जेमतेम ७, आणि गर्दीच्या टाकीतील मासे तेवढ्यावर फार काळ तग धरत नाहीत. जनरेटर मात्र तळघरात किंवा त्याच्या झडपेजवळ कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला झोपेतच मारतो. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, तेव्हा ते हायपो (सोडियम थायोसल्फेट) घालून क्लोरीन काढल्याशिवाय टाकीत सोडू नये.

प्रश्न : आमच्या घरामागे बोडी (लहान तळे) आहे. ती भरली की धान्यासाठी बांधलेल्या विटांच्या जुन्या तळघराच्या भिंती ओल्या होतात आणि त्यांना लोणा (क्षाराचा पांढरा थर) लागतो. वॉटरप्रूफ पेंट दोनदा दिला, तो फुगून सुटला. मुलाची ४ फुटी माशांची टाकी तेथे ठेवता येईल का?
— एक वाचक भगिनी, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : ओल आतली की बाहेरची, हे आधी पाहावे. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. खोलीच्या बाजूने थेंब आले, तर ती हवेतील वाफ आहे आणि वारा खेळता ठेवून काम भागेल. प्लास्टिकच्या मागे भिंत ओली झाली, तर पाणी बोडीकडून येत आहे. आपल्याकडे पेंट फुगला, त्यावरून दुसरीच शक्यता अधिक वाटते. त्यावर तिसरा पेंट देणे म्हणजे पैसे घालवणे होय.

बोडी आणि घर यांच्यामध्ये तळघराच्या फरशीहून खोल चर खणून त्यात गिट्टी आणि भोकांचा पाइप घातला आणि पाणी खालच्या बांधीत (धानाच्या शेतात) काढून दिले, तर पुष्कळ फरक पडेल. चर घराच्या पायापासून दूर, बोडीच्या अंगाला घ्यावा, परंतु बोडीची पाळ कापू नये. त्यानंतर एक पावसाळा जाऊ द्यावा आणि भिंत कोरडी राहिली तरच जुने प्लास्टर काढून नवे करावे. मुलाची टाकी भरल्यावर साडेतीनशे किलोंच्या आसपास होईल. तेवढा भार तळमजल्याची फरशी सहज पेलते, तेव्हा तोपर्यंत ती उत्तरेकडच्या खोलीत, खिडकीपासून दूर ठेवावी.