मुलगी दहावीत आहे, आम्ही डोंबिवलीला राहतो. अकरावी सायन्ससाठी रुईया आणि रुपारेल डोक्यात आहेत. तिला घेऊन कॉलेज बघायला जायचं तर नेमकं काय बघावं?

जायचंच असेल तर गणपती झाल्यावर, दिवाळीच्या सुट्टीआधी जा, आणि तेही चालू दिवशी. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू होते आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षा त्याच्याही आधी उरकतात, त्यामुळे तेव्हा रोजचं कॉलेज दिसतच नाही. दहावीच्या निकालानंतर गेलात तर ऑफिससमोरची रांग तेवढी बघून याल.

आधी फोन करून ज्युनिअरची वेळ विचारा आणि त्या वेळेला पोचायचं म्हणून घरातून निघा. तुमच्या बाबतीत मी यालाच सगळ्यात जास्त वजन देईन. रुईया माटुंग्याला, म्हणजे सेंट्रलवर, पण फास्ट लोकल माटुंग्याला थांबत नाही. कुर्ल्याला किंवा दादरला उतरून स्लो पकडायची, नाहीतर डोंबिवलीपासूनच स्लोने यायचं. रुपारेल माटुंगा रोडला, म्हणजे वेस्टर्नवर. तिथे दादरला लाइन बदलून जाता येतं, किंवा माटुंग्याला उतरून झेड ब्रिजवरून चालत. घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत किती मिनिटं लागली ते मुलीलाच लिहू द्या, आणि परतीचीही वेगळी लिहायला सांगा. लेडीज डब्यातून ती एकटी चढू-उतरू शकते का, हेही त्याच दिवशी कळतं.

गेटवर वॉचमन ओळखपत्राशिवाय आत सोडत नाही. ज्युनिअरच्या उपप्राचार्यांची किंवा पर्यवेक्षकांची वेळ आधी मागून ठेवा. मुलीचं शाळेचं आयकार्ड आणि तुमचं आधार जवळ असू द्या. आत सोडलं नाही तर कॉलेज सुटायच्या वेळी बाहेर थांबा आणि मुलांशी मुलीलाच बोलू द्या, तुम्ही चार पावलं लांब राहा. पालक समोर असले की मुलं ‘छान आहे’ म्हणून मोकळी होतात.

तिने एकच प्रश्न नीट विचारावा: गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकल किती झाली? कोणी दाखवलं तर जर्नलवरच्या तारखा बघा. तारखा दर आठवड्याला पुढे सरकत असतील तर लॅब चालू आहे. पंधरा प्रयोग दोन-तीन दिवसांत उतरवलेले दिसले तर समजून जा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत प्रत्येकी 30 गुण प्रॅक्टिकलचे असतात, पण मला काळजी गुणांपेक्षा हाताला लागणाऱ्या सवयीची वाटते. काही ठिकाणी ‘इंटिग्रेटेड’ या नावाखाली हजेरी कॉलेजची आणि शिकवणी क्लासची असते. तुम्हाला ते हवं असेल तर घ्या, पण माहीत असून घ्या.

ऑफिसात विचारायच्या गोष्टी थोड्याच. तुकडी अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, आणि तिची फी किती. एकाच कॉलेजात दोन्ही असू शकतात, फीमध्ये मोठा फरक असतो आणि अर्जात त्यांचे कोड वेगळे असतात. नाव बघून घाईत भलताच कोड भरला जातो, तेव्हा कोड तिथेच लिहून घ्या. बायफोकल (म्हणजे नेहमीच्या काही विषयांऐवजी कॉम्प्युटर सायन्ससारखा व्यावसायिक विषय) हवं असेल तर कुठले विषय आणि जागा किती, तेही. गेल्या वर्षीची कटऑफ बघताना त्याच तुकडीची, तुमच्याच प्रवर्गाची आणि पहिल्या फेरीची घ्या, नाहीतर तुलना फसते.

दोन्ही कॉलेजं एका दिवसात बघून होतील, पण तिसरं त्यात घुसवू नका, सगळं एकमेकांत मिसळतं. त्याच संध्याकाळी, एकमेकांशी बोलण्याआधी, तिने आणि तुम्ही वेगवेगळ्या कागदांवर प्रवास, लॅब, फी आणि तिथली मुलं यांबद्दल दोन-दोन ओळी लिहा. मग कागद शेजारी ठेवा. जिथे जुळत नाही तेवढ्यावरच बोला, आणि आधी तिला बोलू द्या.

हे सगळं अर्ज भरायच्या आधी व्हायला हवं. पसंतीक्रमात दहापर्यंत कॉलेजं टाकता येतात, पण पहिल्या पसंतीचं मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडाल. त्यामुळे मिळालं तर ती दोन वर्षं रोज आनंदाने जाईल, असंच कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाका.