कुत्रा ‘सोकावला’ की त्याचं ‘अभिसंधान’ झालं?

प्रश्न असा होता : रोज पोळी मिळते म्हणून गल्लीतला कुत्रा ठरल्या वेळी दारात येऊन बसतो. त्याला ‘सोकावला’ म्हणावं की मानसशास्त्राच्या पुस्तकातलं ‘अभिसंधान’?

दोन्ही म्हणता येईल, पण अर्थ वेगळे. ‘अभिसंधान’ (इंग्रजीत conditioning), म्हणजे अनुभवाने दोन गोष्टींची सांगड बसून वागणं बदलणं, हा व्यापक शब्द. त्याचे मुख्य प्रकार दोन, अभिजात आणि साधक. अभिजात म्हणजे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलोव्ह यांचं. सेंट पीटर्सबर्गला ते कुत्र्यांच्या पचनक्रियेवर काम करत (१९०४चं नोबेल त्या कामासाठीच). अन्नाआधी दर वेळी मेट्रोनोमची (संगीतात ठेका मोजणाऱ्या यंत्राची) टिकटिक ऐकवली, की पुढे नुसत्या टिकटिकीनेही कुत्र्याला लाळ सुटे. यात कुत्र्याने काही केलं काय, न केलं काय, अन्न येणारच. याला आपण कधीच ‘सोकावला’ म्हणणार नाही.

‘सोकावणे’ला कृती लागते. म्हैस एकदा दुसऱ्याच्या उसात शिरली, पोटभर खाल्लं, कुणी हाकललं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिरली. म्हैस सोकावली. कृती, तिचं फळ आणि म्हणून पुन्हा तीच कृती, ही साधक अभिसंधानाचीच मांडणी. ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो’ या म्हणीतला काळही असाच. फक्त या क्रियापदात नाराजी असते. दाण्यासाठी कळ टोचणारं प्रयोगशाळेतलं कबूतर ‘सोकावलं’ म्हटलेलं कानाला खटकतं.

तेव्हा पोळीच्या डब्याचं झाकण वाजताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं ते अभिजात, आणि तो दारात येऊन बसतो ते सोकावणं. पोळी कायमची बंद केली तर सवय हळूहळू सुटते. पुस्तकात त्याला ‘विलोपन’ म्हणतात. पण मध्येच एखादे दिवशी तुकडा टाकत राहिलात, तर ती रोजच्या पोळीने लागलेल्या सवयीपेक्षाही चिवट होते.

याच्या उलट ‘मन उडणे’. गार्सिया आणि कोएलिंग या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली उंदरांना चवदार पाणी दिलं आणि ते पिताना प्रकाश व आवाजही जोडला. ज्यांना नंतर आजारी पाडलं त्यांनी ती चव टाळली. ज्यांना विजेचा झटका दिला त्यांनी प्रकाश-आवाज टाळला. एखादा पदार्थ खाऊन उलटी झाली, की आपलंही मन पदार्थावरूनच उडतं, ताटावरून नाही.