दाण्याचा कूट, कूटलेखन आणि कुट्टक

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून अमरावतीला एम.एस्सी. गणित शिकायला आलेल्या विद्यार्थिनीनं विचारलंय : क्रिप्टोग्राफीला, म्हणजे संदेश गुप्त ठेवायच्या शास्त्राला, मराठीत 'कूटलेखन' म्हणतात. त्याच अभ्यासात भारतीय गणितातला 'कुट्टक', म्हणजे भागाकाराच्या बाकीवरून संख्या शोधायची जुनी रीत, भेटतो. घरी दाण्याचा कूट असतोच. हे तिन्ही शब्द एकाच मुळातले आहेत का?

नाहीत. दाण्याचा कूट आणि कुट्टक हे एका घरचे, कूटलेखनातलं कूट दुसऱ्या घरचं.

संस्कृतात 'कुट्ट्' धातू आहे, अर्थ कुटणे, चुरा करणे. आपल्याकडे जवस भाजून खलबत्त्यात कुटतात, ते हेच कुटणं. दुसरं 'कूट' म्हणजे फसवं, दडलेलं, सहज न उकलणारं. कूटप्रश्न, कूटनीती, खोटी साक्ष देणारा तो कूटसाक्षी. व्यासांनी गणपतीला थांबवायला मध्येमध्ये घातलेले कूटश्लोकही यातलेच. संस्कृत कोशांत 'कूट'चा एक अर्थ घण असाही मिळतो, त्यामुळे सगळं एकत्र बांधायचा मोह होतो. पण मराठीनं हे दोन शब्द वेगळे ठेवलेत आणि ते पडताळता येतं.

विभक्ती लावून बघा. 'दाण्याच्या कुटात गूळ घाल' असं आपण लिहितो, कु ऱ्हस्व होतो, जसा गूळचा गुळाचा. हे तद्भव शब्दाचं लक्षण. कोड्याच्या अर्थाचं कूट तत्सम आहे, म्हणून 'कूटाची उकल' लिहिताना कू दीर्घच राहतो. लिंगही पुष्कळदा निराळं : तो कूट संपला, ते कूट सुटलं.

आता कुट्टक. आर्यभटानं ४९९ साली रीत दिली, ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथात (६२८) कुट्टकाध्याय आहे, भास्कराचार्यांच्या लीलावतीतही (११५०) कुट्टकाचं प्रकरण आहे. मोठ्या संख्या भागत भागत बारीक करायच्या, म्हणून हे नाव. तुमच्याच विषयातलं उदाहरण घेऊ. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांच्या १९७७ च्या आरएसए या संदेश गुप्त करायच्या पद्धतीत ५ आणि ११ या मूळ संख्या घेतल्या, तर जाहीर संख्या ५×११ म्हणजे ५५ आणि तिच्याशी जोडलेली दुसरी संख्या (५−१)×(११−१) म्हणजे ४०. संदेश बंद करायची जाहीर किल्ली ७ ठेवली. तो उघडायची खाजगी किल्ली अशी हवी, की तिला ७ नं गुणून ४० नं भागल्यावर बाकी १ उरावी.

४० ला ७ नं भागा : भागाकार ५, बाकी ५. मग ७ ला ५ नं : भागाकार १, बाकी २. मग ५ ला २ नं : भागाकार २, बाकी १. झालं कुटून. ५, १, २ ही भागाकारांची उतरंड, जुन्या भाषेत वल्ली. तिच्यावरून उलटं चढत आलं की उत्तर येतं २३. पडताळा : ७×२३ = १६१ = ४×४०+१. लीलावतीच्या शब्दांत ७ हा भाज्य, ४० हा हार, ऋण १ हा क्षेप (मिळवायची संख्या), २३ हा गुण आणि ४ ही लब्धी (भागाकार). तुमच्या पुस्तकात हेच युक्लिडच्या विस्तारित रीतीच्या नावाखाली असेल. सेमिनारमध्ये 'खाजगी किल्ली कुट्टकानं काढली' असं बिनधास्त म्हणा, ते अचूक आहे.

मग यात कूट, म्हणजे दडलेलं, काय? ते ४०. ५५ चे अवयव कोणीही पाडेल. पण हल्ली नेहमी वापरतात ती २०४८ बिटांची संख्या ६१७ अंकी असते, आणि तिचे अवयव पाडायची व्यवहारात जमेल अशी रीत आजच्या संगणकांकडे नाही. अवयव नाहीत तर ४० च्या जागची संख्या नाही, आणि ती नसेल तर कुट्टक येत असूनही त्यात घालायचं काय? मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

जाता जाता तुमच्या पत्रातल्या दोन शब्दांविषयी. नंबर थिअरीला 'संख्याशास्त्र' लिहू नका, ते स्टॅटिस्टिक्सचं नाव आहे. 'संख्या सिद्धांत' लिहा. आणि मॉड्युलोसाठी जड शब्द शोधत बसण्यापेक्षा '४० नं भागल्यावर बाकी' म्हणा, गावातल्या शाळेत शिकलेला प्रत्येक जण ते समजतो.