वाचकांचे प्रश्न : जुन्या रेडिओचे सुटे भाग

प्रश्न : वडिलांचा सत्तरच्या दशकातील ट्रान्झिस्टर रेडिओ मी दुरुस्त करीत आहे. त्याच्या आउटपुटचे एसी १२८ हे दोन्ही ट्रान्झिस्टर जळाले आहेत आणि गँग (स्टेशन लावताना फिरवायचा बदलता कंडेन्सर) फिरवताना खरखर होते. तपकीर गल्ली या पुण्यातील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात विचारले तेव्हा हा माल कधीच बंद झाल्याचे कळले. एका दुकानदाराने सिलिकॉन ट्रान्झिस्टर पुढे केला आणि हाच चालतो, असे सांगितले. तो बसवावा का? मूळ भाग कोठे मिळतील?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तो तसाच बसवू नये. एसी १२८ हा जर्मेनियमचा पीएनपी ट्रान्झिस्टर असून तो बेस आणि एमिटर (त्याच्या तीन पायांपैकी दोन, तिसरा कलेक्टर) यांच्यातील ०.२ ते ०.३ व्होल्टला वाहू लागतो, तर सिलिकॉनला ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. आपल्या रेडिओतील बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर जेमतेम चालू ठेवणारे बेसवरील व्होल्टेज, जर्मेनियमसाठी ठरवलेला असल्याने सिलिकॉनची जोडी लहान संदेशाच्या वेळी बंदच राहील आणि आवाज कमी ठेवला की बोलणे फाटके ऐकू येईल. बायसचे रेझिस्टर बदलून सिलिकॉन बसवता येतो, परंतु वडिलांचा संच शक्यतो मूळ रूपात राहावा असे मला वाटते, म्हणून आधी जर्मेनियमचाच शोध घ्यावा.

शोधाची माझी पहिली जागा दुकान नव्हे, तर मोडका रेडिओ. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात बंद पडलेले संच मिळतात आणि त्यांत भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले एसी १२८ किंवा त्याच्या जवळचे एसी १८८ सापडू शकतात. पेठांमधील जुन्या रेडिओ मेकॅनिकांनाही अवश्य विचारावे. त्यांच्या खणांत असा माल पडून असतो, पण तो कोणी मागितल्याशिवाय बाहेर निघत नाही. एवढे करूनही काम झाले नाही, तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे. कोठेही जाताना जळालेला नमुना आणि सर्किटची प्रत सोबत न्यावी, कारण नुसता नंबर सांगितला की दुकानदार नकार देतो, मात्र भाग काय काम करतो हे दाखवले तर तोच माणूस पर्याय सुचवतो.

मिळालेला जुना ट्रान्झिस्टर तपासल्याशिवाय वापरू नये. मल्टिमीटरच्या एचएफई (ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो ते मोजणाऱ्या) खाचेतील आकड्यावर विसंबू नये. जर्मेनियमची गळतीही (बंद असताना झिरपणारा प्रवाह) त्यात मोजली जाऊन मरतुकडा ट्रान्झिस्टरसुद्धा दमदार भासतो. त्याऐवजी ९ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक एमिटरला जोडावे, ऋण टोक २.२ किलोओहमचा रेझिस्टर आणि मीटर यांमधून कलेक्टरला जोडावे आणि बेस मोकळा ठेवावा. काही शे मायक्रोअँपिअरची गळती या जातीला स्वाभाविक आहे. आता धातूची टोपी चिमटीत धरावी. बोटांच्या उबेने आकडा वर सरकू लागेल. सोडल्यावर तो खाली आला तर माल वापरण्याजोगा, आणि चढतच राहिला तर टाकाऊ समजावा. असे चार-पाच तपासून त्यांतील सारख्या गुणांचे दोन निवडावेत, कारण दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालणाऱ्या पुश-पुल आउटपुटला जोडी जुळलेली लागते. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या, नव्याकोऱ्या छपाईच्या एसी १२८ वर मात्र ही चाचणी झाल्याशिवाय अजिबात विश्वास ठेवू नये. दुसऱ्याच भागावर नंबर छापून विकण्याचे प्रकार सर्रास चालतात. बेस-एमिटरवर डायोडच्या रेंजमध्ये ०.६ व्होल्ट दिसले, तर तो सिलिकॉन आहे हे तिथेच कळते.

दोन्ही ट्रान्झिस्टर एकदम का जळाले, हेही पाहणे आवश्यक आहे. अशा अनेक संचांच्या बायसमध्ये एक थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर, असतो. तो तुटला की बायस वाढतो, ट्रान्झिस्टर तापतात, तापल्याने गळती वाढते आणि ते आणखी तापतात. तो न तपासता बसवलेली नवी जोडीही तशीच जाईल.

गँग बदलण्याची घाई करू नये. हवेची गँग असेल तर खरखर बहुधा पात्यांतील धुळीची किंवा फिरत्या दांड्याच्या स्प्रिंगवरील मळाची असते. मऊ ब्रश आणि थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. बदलावीच लागली तर मापाकडे लक्ष द्यावे. छोट्या पीव्हीसी (प्लास्टिकच्या पापुद्र्यांच्या) गँगमध्ये ऑसिलेटरचा (रेडिओच्या आतच लहरी निर्माण करणाऱ्या भागाचा) विभाग अँटेनाच्या विभागापेक्षा बहुधा लहान असतो, तर अनेक जुन्या गँगमध्ये दोन्ही विभाग सारखे असून ऑसिलेटरला पॅडर (त्या विभागाची क्षमता कमी करणारा) कंडेन्सर जोडलेला असतो. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर लागते तेव्हा, आयएफ (रेडिओच्या आतील ठरलेली मधली वारंवारता) ४५५ किलोहर्ट्झ असल्यास, ऑसिलेटर १२४७ किलोहर्ट्झवर हवा. गँगची जात चुकली की हे अंतर डायलभर सारखे राहत नाही आणि एका टोकाची स्टेशने नीट लागली तरी दुसऱ्या टोकाची दबतात.

प्रश्न : पॉवर सप्लायसाठी १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कंडेन्सर हवा होता, दुकानात ५० व्होल्टचा मिळाला. चालेल का?
— एक विद्यार्थिनी, सिंहगड रस्ता

उत्तर : निश्चित चालेल. व्होल्टेजची मर्यादा जास्त असलेली चालते, कमी असलेली चालत नाही. फक्त आकार मोठा असल्याने तो बोर्डवर बसतो का ते पाहावे आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा मिळाल्यास तोच घ्यावा. मात्र थेट २३० व्होल्टच्या तारांमध्ये बसणाऱ्या कंडेन्सरला ही मोकळीक लावू नये. तिथे एक्स२ (थेट विजेच्या तारांमध्ये बसवण्यासाठीचा सुरक्षित वर्ग) असे लिहिलेले असेल तर एक्स२ च आणावा, आणि तो मिळेपर्यंत उपकरण बंद ठेवावे.