वाचकांचे प्रश्न : शेगडीवरचे व्हीगन जेवण

बाहेर, उघड्यावर शेगडी पेटवून केवळ वनस्पतिजन्य पदार्थांचे जेवण कसे करावे, याविषयीच्या पत्रांना या वेळचा स्तंभ दिला आहे. एकसारख्या पत्रांची उत्तरे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी बटाटे, गाजर, ढोबळी मिरची आणि झुकिनी एकाच वेळी जाळीवर ठेवते. मिरची आणि झुकिनीचा लगदा होतो, तर बटाटे वरून काळे पडूनही आतून कच्चेच राहतात. कोळसा कमी घालून पाहिला, जास्त घालून पाहिला. फरक पडला नाही. चूक कुठे होते?

उत्तर : चूक कोळसा किती घातला यात नसून तो कसा पसरला यात आहे. निखारे शेगडीभर सारखे पसरले की जाळीवरच्या प्रत्येक भाजीला एकच आच मिळते, आणि तुमच्या चार भाज्यांना लागणारा वेळ मात्र चार तऱ्हांचा आहे. त्यामुळे निखारे तयार झाल्यावर ते सगळे एका बाजूला ओढून घ्यावेत आणि दुसरी बाजू पूर्ण रिकामी ठेवावी. गॅसच्या शेगडीत एका बाजूचा बर्नर मोठा करून दुसरा बंद ठेवला की हेच साधते. बटाटा, गाजर, रताळे, फ्लॉवरचे मोठे तुरे अशा कठीण भाज्या आधी रिकाम्या बाजूला झाकण लावून शिजू द्याव्यात आणि शेवटची दोन-तीन मिनिटे निखाऱ्यांवर आणून त्यांना रंग द्यावा. मिरची आणि झुकिनी थेट निखाऱ्यांवरच ठेवावी, पण अगदी शेवटी.

यामागचे कारण कळले की वेळापत्रक पाठ करावे लागत नाही. भाजीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे पेक्टिन साधारण 85 अंश सेल्सिअसच्या आसपास सैल होऊ लागते, आणि ते सैल होईपर्यंत भाजी कच्चीच लागते. वरचा खमंग तपकिरी रंग मात्र सुमारे 140 अंशांच्या पुढे धरू लागतो. जोवर पृष्ठभाग ओला आहे, तोवर त्याचे तापमान 100 अंशांच्या वर फारसे चढत नाही, आणि पाणी उडाले की ते झपाट्याने वाढते. तुमच्या बटाट्याच्या वरच्या थरातले पाणी पाच मिनिटांत उडाले, तो काळा पडला, आणि गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचायला मात्र अजून वीस मिनिटे हवी होती. जाळीवर भाजणे हा माझ्या मते बराचसा पाण्याचाच हिशेब आहे, आणि पुढच्या उत्तरांतही तो पुन्हा येणार आहे.

बटाट्यासाठी याहून सोपी वाटही आहे. जाड फोडी मिठाच्या पाण्यात अर्धवट उकडाव्यात. सुरीचे टोक कडेने सहज शिरावे आणि मध्यभागी अडावे, इतपतच. मग पाणी काढून टाकून फोडी चाळणीत पाच मिनिटे उघड्या ठेवाव्यात. त्यांच्यातून वाफ निघत राहते आणि पृष्ठभाग कोरडा, पिठूळ व किंचित खरखरीत होतो. या खरखरीत कडांना तेल चोळून फोडी निखाऱ्यांवर ठेवल्या की त्या कुरकुरीत होतात.

आच पाहण्यासाठी तळहात जाळीच्या वर सुमारे 10 ते 12 सेंटिमीटरवर धरावा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर आच तीव्र आहे, पाच-सहा सेकंद धरवला तर मध्यम, आणि आठ-दहा सेकंद धरवला तर मंद. कोळसा पेटवल्यापासून त्यावर राखाडी राखेचा थर चढेपर्यंत वीस ते तीस मिनिटे लागतात. तोवर ज्वाला कितीही आकर्षक दिसल्या तरी त्यांच्यावर काही ठेवू नये, कारण ज्वाला भाजीला शिजवण्याआधी काजळी लावते.

प्रश्न : टोफू दर वेळी जाळीला चिकटतो आणि उलटताना त्याचा भुगा होतो. रात्रभर मसाल्यात मुरवूनही तो आतून बेचव लागतो. टोफू जाळीवर करण्याचा पदार्थच नाही का?

उत्तर : मी पहिल्यांदा टोफू जाळीवर ठेवला तेव्हा निम्मा पाहुण्यांच्या ताटात गेला आणि निम्मा निखाऱ्यांत, त्यामुळे तुमची निराशा मला समजते. तरीही टोफू जाळीवर उत्तम होतो. फक्त तो घट्ट प्रकारचा हवा, कारण रेशमी मऊ टोफू रस्सा, सूप आणि गोड पदार्थांसाठी असतो.

पाकिटातून काढलेली वडी सुती फडक्यात गुंडाळून तिच्यावर ताट व ताटावर काहीतरी जड ठेवावे आणि अर्धा तास विसरून जावे. फडके चिंब होते, आणि तेवढे पाणी जाळीवर आपल्या विरोधात काम करणारे होते. आदल्या दिवशी आठवण झाली तर वडी फ्रीजरमध्ये गोठवून मग वितळू द्यावी. गोठताना पाण्याचे स्फटिक टोफूत पोकळ्या पाडतात, त्यामुळे वितळलेली वडी स्पंजासारखी दोन तळहातांमध्ये दाबून पिळता येते, तिचा पोत चिवट होतो आणि ती मुरवणीचा रस भराभर शोषते.

बेचवपणाचे कारण बहुधा तुमच्या मुरवणीतले तेल आहे. टोफू मुळात पाण्याने भरलेला असल्याने तेल त्याच्या आत शिरत नाही, उलट बाहेर थर धरून मिठालाही अडवते. म्हणून मुरवण पाणीदार असावी : सोया सॉस, लिंबाचा रस, किसलेले आले, ठेचलेला लसूण आणि मिरपूड. तिच्यात टोफू तासभर ठेवला तरी चालतो. मग तुकडे बाहेर काढून, टिपून कोरडे करून, जाळीवर ठेवण्याच्या क्षणी त्यांना तेल लावावे. गूळ, साखर किंवा टोमॅटो सॉस असलेले गोड लेपन शेवटच्या दोन मिनिटांतच लावावे, कारण साखर टोफूच्या आधी जळते.

तुकडे दीड ते दोन सेंटिमीटर जाड कापावेत. जाळी आधी चांगली तापवून घासावी आणि तेलात भिजवलेले फडके चिमट्यात धरून तिच्यावरून फिरवावे. तुकडा ठेवला की चार मिनिटे त्याला हात लावू नये. मग एक कोपरा उलथन्याने हळूच उचलून पाहावा. तो ओढ देत असेल तर आणखी एक मिनिट थांबावे. खालच्या बाजूला खरपूस पापुद्रा धरला की तुकडा आपण होऊन सुटतो. भुगा होतो तो बहुतेक वेळा या शेवटच्या मिनिटाची घाई झाल्यामुळे.

ज्यांना इतकी तयारी नको असेल त्यांनी मोठ्या टोपीचे मशरूम घ्यावेत. त्यांच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असते आणि ते उष्णतेने पेक्टिनसारखे विरघळत नाही, म्हणून मशरूम जाळीवर जरा जास्त वेळ राहिले तरी लगदा होत नाही. नवशिक्यासाठी इतकी क्षमाशील भाजी दुसरी नाही.

प्रश्न : मित्रांच्या घरी एकाच शेगडीवर मांस आणि भाज्या दोन्ही भाजल्या जातात. मी व्हीगन आहे. सगळ्यांची गैरसोय न करता माझे जेवण कसे सांभाळू?

उत्तर : सर्वांत सोपा उपाय म्हणजे पहिला नंबर तुमचा लावून घ्यावा. जाळी कडक तापवून घासली, की मांस चढण्यापूर्वीची पंधरा मिनिटे तुमच्या भाज्यांना पुरतात, आणि यजमानांनाही तोवर तोंडात टाकायला काहीतरी मिळते. ते जमत नसेल तर बिडाचा तवा किंवा छिद्रांचे पसरट भांडे सोबत न्यावे आणि ते जाळीवर ठेवून त्यातच भाजावे. चिमटा आणि तेलाचा ब्रश मात्र वेगळाच असावा, कारण जाळी वेगळी ठेवूनही हात त्याच चिमट्याकडे जातो. जाळी घासल्यावर ती ओल्या फडक्याने पुसायला विसरू नये; तारेच्या ब्रशाचे तुटलेले केस जाळीला चिकटून अन्नात जाण्याचा धोका खरा आहे.

खरी गफलत जाळीपेक्षा बाटल्यांमध्ये होते. ‘व्हीगन’ हा शब्द 1944 मध्ये इंग्लंडमध्ये घडवला गेला, तो मांस न खाणाऱ्यांपैकी जे दूध आणि अंडीही वर्ज्य करतात त्यांना वेगळे नाव हवे होते म्हणून. आणि असे प्राणिजन्य घटक तयार वस्तूंत नकळत असतात. पारंपरिक वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही हे मासे असतात, अनेक बार्बेक्यू सॉसमध्ये मध असतो, बर्गरच्या पावात दूध किंवा लोणी असू शकते, आणि शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पॅटींत अंड्याचा पांढरा भाग किंवा चीज असते. पाकिटावरची घटकांची यादी वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

प्रश्न : राजम्याच्या घरगुती पॅटी जाळीच्या फटींतून खाली पडतात. काय करावे?

उत्तर : मिश्रण ओले आहे. शिजलेला राजमा निथळून, ताटात पसरून, कोरडा पडल्यावरच ठेचावा, आणि तोही पूर्ण गुळगुळीत न करता एक तृतीयांश दाणे अर्धवट ठेवावेत. बांधणीसाठी ओट्स किंवा शिजलेला, गार भात आणि थोडी दळलेली जवस पाण्यात भिजवून घालावी; ही भिजलेली जवस अंड्यासारखी चिकट होते. पॅटी थापून तासभर फ्रीजमध्ये ठेवाव्यात आणि आधी तव्यावर दोन्ही बाजू धरू देऊन मगच जाळीवर न्याव्यात. याला कोणी लबाडी म्हटले तर म्हणू द्यावे.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्यावी. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे लेक्टिन, म्हणजे एक प्रकारचे प्रथिन, असते आणि त्याने तीव्र उलट्या व जुलाब होतात. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवावा. जाळीवरची दहा मिनिटे या उकळण्याची जागा घेऊ शकत नाहीत. हवाबंद डब्यात विकत मिळणारा राजमा आधीच शिजवलेला असतो.

प्रश्न : जाळीवर भाजलेल्या अन्नाने कर्करोगाचा धोका वाढतो असे वाचले. भाज्यांनाही हे लागू आहे का?

उत्तर : पुष्कळ कमी प्रमाणात. या चर्चेतली हेटरोसायक्लिक अमाइन्स ही संयुगे स्नायूंतल्या क्रिएटिनपासून तीव्र उष्णतेत तयार होतात, आणि भाज्यांत क्रिएटिन नसते. दुसरा गट धुरातल्या बहुचक्रीय हायड्रोकार्बनांचा. चरबी निखाऱ्यांवर ठिबकून जो धूर उठतो त्यातून ती अन्नावर बसतात. भाज्यांतून चरबी ठिबकत नाही, पण आपण ओतलेले तेल ठिबकते, म्हणून तेल चोळावे, ओतू नये. बटाटा, पाव यांसारख्या पिष्टमय पदार्थांत 120 अंशांच्या वर ॲक्रिलामाइड हे कर्करोगकारक असल्याचा संशय असलेले संयुग तयार होते, हे 2002 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी जाहीर केले. म्हणून बटाटा सोनेरी झाला की उतरवावा, आणि कोळसा झालेली कड कापून टाकावी.

प्रश्न : सहा जणांसाठी पूर्ण जेवण शेगडीवरच करायचे आहे. प्रथिनेही हवीत आणि मला सतत शेगडीपाशी उभे राहायचे नाही. काय सुचवाल?

उत्तर : मी असे करीन. निखारे तयार होताच मध्यम आकाराची सहा रताळी सालीसकट रिकाम्या बाजूला ठेवून झाकण लावीन. त्यांना पाऊण तास ते तास लागतो आणि त्यांच्याकडे बघावेही लागत नाही. त्याच वेळी दोन मोठी वांगी, सुरीने चार-पाच ठिकाणी टोचून, थेट निखाऱ्यांवर जातील. टोचायचा कंटाळा केला तर आतली वाफ वांगे फोडते आणि गर शेगडीभर उडतो. वीस-पंचवीस मिनिटांत साल काळी होऊन वांगे खचते. मग ते झाकणाच्या भांड्यात दहा मिनिटे ठेवावे, साल हातानेच सुटते. गर चाळणीत ठेवून त्याचे तपकिरी, कडवट पाणी निथळू द्यावे.

वांगी उतरली की निखाऱ्यांवर थोडा कोळसा वाढवून, तो पेटेपर्यंत चटणीकडे वळावे. तिळाच्या पेस्टमध्ये ठेचलेला लसूण, मीठ आणि लिंबाचा रस घातला की ती एकदम घट्ट, खडबडीत होते आणि फाटल्यासारखी दिसते. घाबरून तेल घालू नये. गार पाणी चमचा-चमचा घालत फेटत राहिले की सातव्या-आठव्या चमच्याला ती अचानक सैल, फिकट आणि मलईसारखी होते. अर्धी वांग्याच्या गरात मिसळावी, अर्धी वरून घालायला ठेवावी.

शेवटच्या पंधरा मिनिटांत टोफूचे तुकडे, ढोबळी मिरची आणि कांद्याच्या जाड चकत्या निखाऱ्यांवर घ्याव्यात. लाकडी काड्यांवर ओवायच्या असतील तर काड्या आधी अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, आणि एका काडीवर एकच भाजी ओवावी. रंगीबेरंगी काडी फोटोत छान दिसते, पण तिच्यावरचा कांदा कच्चा असतानाच मिरची करपते. घट्ट टोफूत 100 ग्रॅममागे साधारण 12 ते 15 ग्रॅम प्रथिने असतात, शिजलेल्या काबुली चण्यांत आठ-नऊ ग्रॅम. म्हणून माणशी 150 ग्रॅम टोफू धरावा आणि रताळी मधोमध फोडून त्यांत मीठ, लिंबू लावलेले काबुली चणे व राखून ठेवलेली चटणी भरावी. पाव अगदी शेवटी, प्रत्येक बाजूला अर्धे मिनिट.

प्रश्न : अचानक पाऊस आला तर कोळशाची शेगडी घरात किंवा बंद गॅलरीत आणून काम पूर्ण करता येईल का?

उत्तर : नाही. जळत्या, अगदी विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो, आणि खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नाही. शेगडीचे झाकण लावावे, हवेच्या झडपा बंद कराव्यात, भाज्या उचलून घरातल्या तव्यावर घ्याव्यात. राखेत दुसऱ्या दिवशीही धग असू शकते, म्हणून ती पूर्ण गार झाल्याशिवाय कचऱ्यात टाकू नये.

प्रश्न : शेवटी गोड काय करता येईल?

उत्तर : विझत आलेल्या निखाऱ्यांवर केळी सालीसकट ठेवावीत. साल पूर्ण काळी झाली आणि चिरेतून रस बुडबुडू लागला की केळे उतरवून, साल उभी चिरून, आत भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरड कूट आणि चिमूटभर मीठ घालावे. चमचे लहान द्यावेत, कारण आतला गर बराच वेळ चटका देण्याइतका गरम राहतो.