फायरस्टोअर: एडिट केल्यावर बाकीची फील्ड का उडतात

प्रश्न असा: फायरस्टोअर (गूगलचा क्लाउड डेटाबेस) वापरणाऱ्या अ‍ॅपमध्ये ग्राहकाचा फोन नंबर बदलून सेव्ह केला की नाव आणि पत्ता गायब होतात. कधी जुनी नोंद तशीच राहते आणि वर दुसरी तयार होते.

दुसरी नोंद 'अ‍ॅड'मुळे होते, कारण ही मेथड दर वेळी नवा आयडी काढते. एडिट स्क्रीन उघडताना डॉक्युमेंटचा (म्हणजे त्या नोंदीचा) आयडी सोबत न्या. तो डेटाच्या फील्डमध्ये (नाव, पत्ता अशा रकान्यांत) नसतो, स्नॅपशॉटवरून, म्हणजे वाचून आलेल्या डॉक्युमेंटवरून, वेगळा घ्यावा लागतो. बहुतेकांचा तो इथेच सुटतो.

फील्ड उडतात ती 'सेट'मुळे. नुसतं सेट म्हणजे आधीचं सगळं पुसून नवं ठेवणं. सेटला 'मर्ज' हा पर्याय दिला तर फक्त पाठवलेली फील्ड बदलतात, पण त्या आयडीचं डॉक्युमेंट नसेल तर अर्धवट नोंद गुपचूप तयार होते. 'अपडेट' अशा वेळी 'नॉट फाउंड' एरर देतं. एडिटसाठी अपडेटच वापरा. चूक लपून राहण्यापेक्षा एरर आलेली कधीही बरी.

अपडेटमध्येही एक खाच आहे. पत्ता हा मॅप (आत आणखी फील्ड असलेलं फील्ड) असेल आणि त्यात फक्त पिनकोड घालून पाठवला, तर गाव, रस्ता सगळं जातं. त्याऐवजी डॉट लावून 'पत्ता.पिनकोड' अशी 'की' (फील्डचं नाव) द्या. हीच 'की' सेटला दिली तर मात्र नावातच डॉट असलेलं वेगळं फील्ड तयार होतं.

शिल्लक, लाइक यांसारखे आकडे वाचून, एक मिळवून परत लिहू नका. दोन फोनवरून एकाच वेळी बदल झाला तर एक बदल हरवतो. त्यासाठी 'इन्क्रिमेंट' (आकडा सर्व्हरवरच वाढवणारी सोय) आहे, आणि ते ऑफलाइनही चालतं. शिल्लक शून्याखाली जाऊ द्यायची नसेल तर ट्रान्झॅक्शन (वाचणं आणि लिहिणं एकत्र बांधणारी क्रिया) लागेल. ते नेट नसताना फेल होतं, हे धरूनच स्क्रीन बनवा.

नेट नसताना साधं अपडेट फोनवरच्या कॅशमध्ये लगेच दिसतं, पण कोडमधलं 'अवेट' (काम पूर्ण होईपर्यंत थांबणं) सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत अडकून राहतं. म्हणून सेव्हचा स्पिनर त्यावर टांगू नका.

'परमिशन डिनाइड' आलं तर रूल्स (कोण काय वाचू-लिहू शकतं ते ठरवणारे सर्व्हरवरचे नियम) बघा. तिथे क्रिएट आणि अपडेट वेगळे असतात. शिवाय अपडेटच्या रूलमध्ये रिक्वेस्टचा डेटा म्हणजे बदलानंतरचं पूर्ण डॉक्युमेंट असतं, नुसती पाठवलेली फील्ड नव्हेत. फक्त फोन नंबर बदलू द्यायचा असेल तर जुन्या-नव्या डेटाचा 'डिफ' (फरक) काढून त्याच्या 'अफेक्टेड कीज' (बदललेल्या फील्डची नावं) तपासा.